ना दोर, ना रिमोट

बेडफर्ड, इंग्लंड
१८ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांस,
सुहासचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत, की माझ्या छंदातल्या या छोट्या विमानाला दोर नाही, हातात रिमोटही नाही, मग ही स्पर्धा तरी कशाची? मी घाईने "वेळेची, विमान जास्तीत जास्त वेळ हवेत राहण्याची" असे म्हणालो आणि फोन ठेवल्यावर ते उत्तर किती अपुरे होते हे माझ्या लक्षात आले. मागून आईचे "पन्नाशीत हे काय खूळ घेतलंय" हेही ऐकू आले. तिचे समाधान करणे माझ्या आवाक्यातले नाही, परंतु तुमच्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यावे म्हणून आज सवडीने लिहायला बसलो आहे.

ज्या विमानांविषयी मी बोलत असतो ती बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाच्या काड्यांची आणि पतंगाच्या तावाहूनही पातळ अशा जपानी टिश्यू कागदाची असतात, आणि त्यांचा पंखा रबराच्या पिळावर फिरतो. एकदा हातातून सुटले की विमान आपल्या मर्जीने उडते. त्याला वळवण्याचे वा उतरवण्याचे कोणतेही साधन उडवणाऱ्याकडे उरत नाही. ही कल्पना फार जुनी आहे. आल्फोन्स पेनो नावाच्या फ्रेंच तरुणाने १८७१ मध्ये पॅरिसच्या त्विलरी बागेत रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान अकरा सेकंद, सुमारे चाळीस मीटर उडवून दाखवले. पेनोच्याच पद्धतीचे एक उडते खेळणे १८७८ मध्ये राइट बंधूंच्या वडिलांनी मुलांसाठी घरी आणले होते, आणि उडण्याची ओढ त्या खेळण्यापासून लागली असे त्या बंधूंनी पुढे स्वतःच सांगितले आहे. आईला एवढे जरूर सांगावे.

आमच्या जुन्या विमानांच्या गटात आज कोणी नव्याने आखलेले विमान चालत नाही. इथल्या नियमाप्रमाणे १९५० अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेला किंवा किटच्या रूपाने विकला गेलेला आराखडाच घ्यावा लागतो, आणि पंखाचा आकार, फासळ्यांची वक्रता, सांगाड्याची रचना हे सर्व मूळ नकाशाबरहुकूम ठेवावे लागते. मूळ नकाशात बांबूची काडी असताना कोणी पोलादी तार वापरली तर ते चालावे की नाही, यावर चहाच्या टेबलाभोवती जो वाद रंगतो तो ऐकून मला आपल्याकडच्या लग्नातील मानपानाची आठवण होते. माझे स्वतःचे मत असे, की आकार आणि वजन राखले म्हणजे पुरे. पण तिथे मी नवखा असल्यामुळे गप्प बसतो.

मी पहिले विमान बांधले ते कीलक्राफ्ट कंपनीचे 'सेनेटर'. अल्बर्ट हॅटफुल यांनी आखलेल्या या विमानाच्या पंखांचा पसारा बत्तीस इंच असून इथल्या कित्येक आजोबांनी ते शाळकरी वयात बांधलेले आहे. बांधणीचे काम तुम्हाला फार आवडले असते. ड्रॉइंग बोर्डवर नकाशा ताणून लावायचा, त्यावर मेणकागद अंथरायचा आणि टाचण्यांनी काड्या जागच्या जागी रोवून त्या नकाशावरच सांगाड्याची एक बाजू चिकटवायची. ती वाळली की तिच्यावरच दुसरी बाजू बांधायची, म्हणजे दोन्ही तंतोतंत जुळतात. यातली खरी मेख लाकूड निवडण्यात आहे. बाल्सा बहुतेक इक्वाडोरहून येते आणि एकाच दुकानातल्या, एकाच मापाच्या दोन फळ्यांच्या वजनात दुपटीचा फरक असू शकतो. म्हणून सांगाड्याच्या चारही लांब काड्या एकाच फळीतून, शेजारीशेजारी कापून घ्याव्या लागतात, नाहीतर एक बाजू कमी वाकते, दुसरी जास्त, आणि धड केळ्यासारखे वाकडे होते. माझे पहिले तसेच झाले होते. कागद चिकटवल्यावर त्यावर पाण्याचा हलका फवारा मारतात, तो वाळताना ढोलकीच्या पुडीसारखा ताणला जातो, आणि मग डोप नावाचे पातळ लुकण फिरवतात. ते कडक होऊन पंख पिळवटू नयेत म्हणून त्यात एरंडेलाचे दोनचार थेंब घालतात. लहानपणी आई दर महिन्याला नाक दाबून पाजत असे, तेच एरंडेल. त्याचा हा उपयोग त्या वेळी कळला असता तर मी माझा वाटा आनंदाने विमानाला दिला असता.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. विमान सोडल्यावर काहीच करता येत नाही, म्हणून जे काही करायचे ते सोडण्यापूर्वी करावे लागते, आणि स्पर्धा त्याचीच असते. पिळलेले रबर एकसारखी शक्ती देत नाही. पहिल्या काही सेकंदांत ते भयंकर जोर करते, मग बराच वेळ संथ चालते आणि शेवटी मंदावत थांबते. त्यानंतर पंखा नुसता वाऱ्यावर फिरत राहतो आणि विमान घारीसारखे तरंगत खाली येते. म्हणजे एकाच विमानाला तीन निरनिराळ्या अवस्थांत सरळ वागायला शिकवायचे असते. सुरुवातीच्या जोराने नाक वर उचलून ते उलटे पडू नये म्हणून पंख्याचा आस दोनतीन अंश खाली आणि तेवढाच उजवीकडे कलता ठेवतात. त्यासाठी नाकाच्या ठोकळ्यामागे पत्त्याच्या जाडीच्या चकत्या घालतात. शेवटचे तरंगणे मात्र वजनाच्या तोलावर अवलंबून असल्यामुळे ते सर्वांत आधी जुळवतात. संध्याकाळी वारा पडल्यावर, उंच गवतावर, विमान खांद्याच्या उंचीवरून हलकेच सोडून पाहायचे. ते नाक खुपसत असेल तर तोलासाठी नाकाला लावलेली चिमूटभर माती काढायची, हेलकावे खात असेल तर लावायची. तरंगणे साधले की पन्नास पीळ, मग शंभर, मग दीडशे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहून ठेवायची, हा दंडक मोडला की संध्याकाळ फुकट गेलीच म्हणून समजावे.

पीळ भरण्याचेही तंत्र आहे. रबर पाच पट ताणून निम्मे पीळ तसेच ताणलेल्या अवस्थेत भरायचे, आणि मग पीळ भरता भरता एकेक पाऊल विमानाकडे यायचे. माझ्या सेनेटरमध्ये असे आठशे पीळ बसतात. रबर तुटलेच तर ते धडाच्या आत चाबकासारखे उसळते आणि सारा कागद फाडून टाकते. म्हणून पीळ भरताना धडात एक नळी घालून ठेवतात. नळीवाचून चालेल असे मला एकदा वाटले होते. त्या धडाच्या उरलेल्या काड्या अजून डब्यात आहेत.

एवढे सगळे जमले तरी स्थिर हवेत विमान मिनिटभर, फार तर दीड मिनिट राहते. त्याहून अधिक हवे असेल तर वर चढणारी उष्ण हवा सापडावी लागते. घार पंख न हलवता वर कशी जाते, हे तुम्ही मला आपल्या गच्चीवर पापड राखायला बसलेले असताना समजावून सांगितले होते. इथेही तेच शास्त्र चालते. चिल्टर्न टेकड्यांत १९९० च्या सुमारास लाल घारी पुन्हा आणून सोडल्या, त्या आता पुष्कळ वाढल्या आहेत, आणि मैदानावरची निम्मी माणसे विमानाऐवजी त्यांच्याकडेच पाहत असतात. घार दिसत नसेल तर उंच काठीला बांधलेली चकचकीत फीत पाहायची. वारा क्षणभर मंदावला, गालाला ऊब जाणवली आणि फीत वर उचलली गेली की विमान सोडायचे. दहा सेकंद उशीर झाला तर तेच विमान खाली ओढणाऱ्या थंड हवेत सापडते. पीळ भरलेले विमान हातात धरून पाचपाच मिनिटे नुसते उभे राहणे हा माझ्या मते या खेळाचा सर्वांत अवघड भाग आहे, कारण ताणलेले रबर तेवढ्या वेळात दमत जाते.

आणि ऊब नको तेवढी सापडली तर? १९३९ साली न्यू जर्सीत वेकफील्ड चषकाच्या, म्हणजे अशाच रबरी विमानांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत डिक कोर्डा या अमेरिकन खेळाडूचे विमान ४३ मिनिटांहून अधिक काळ हवेत राहिले आणि चषक त्याला मिळाला. तेव्हा वेळेला मर्यादा नव्हती. आता दोन मिनिटे, अडीच मिनिटे अशी कमाल मर्यादा ठरवलेली असते आणि त्यापुढचे मोजत नाहीत. म्हणून मर्यादा गाठताच विमान खाली आणण्याची सोय करतात. सोरा (पोटॅशियम नायट्रेट) विरघळवलेल्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची वात शेपटीला बांधलेल्या रबराखाली खोचायची. ती जळत जाऊन रबर तुटले की शेपटी चाळीसेक अंश वर उघडते आणि विमान छत्रीसारखे सावकाश खाली बसते. वाळक्या गवतावर ठिणगी पडू नये म्हणून हल्ली बरेच जण वातीऐवजी छोटा यांत्रिक टायमर लावतात. माझ्या पहिल्या सेनेटरला वात होती, पण मी ती पेटवायला विसरलो. ढगाच्या कडेपर्यंत ते दिसत होते, मग ठिपका झाले, मग दुर्बिणीतूनही दिसेना. पंखावर लिहिलेल्या फोन नंबरामुळे अकरा दिवसांनी एका शेतकऱ्याने ते बार्लीच्या शेतात सापडल्याचे कळवले. शेपटी उंदरांनी खाल्ली होती.

या महिन्यात सॅलिसबरी प्लेनवर, म्हणजे लष्कराच्या सरावाच्या माळावर, दुसरे सेनेटर घेऊन गेलो होतो. तीन उड्डाणे, कमाल दोन मिनिटांची. पहिले पूर्ण दोन मिनिटे भरले. दुसऱ्यापूर्वी रबर तुटले, या वेळी नळीत. नवे रबर आधी ताणून तयार केलेले नसल्यामुळे पीळ कमी भरले आणि एक मिनिट एकतीस सेकंदच मिळाले. तिसरे पुन्हा पूर्ण. एकूण पाच मिनिटे एकतीस सेकंद, नववा क्रमांक. विमान आणायला प्रत्येक वेळी होकायंत्राने दिशा धरून मैलभर चालावे लागले, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेले चालणेही आपोआप झाले, हे आईला कळवावे.

आता तुमच्याकडे एक काम आहे. हिवाळ्यात मी कोर्डाचे तेच १९३९ चे विमान बांधायला घेत आहे. त्या काळच्या नियमाप्रमाणे त्याचे वजन किमान आठ औंस, म्हणजे सुमारे सव्वादोनशे ग्रॅम भरावे लागते. मिळालेला नकाशा छायाप्रतीची छायाप्रत असल्यामुळे एका बाजूला ताणला गेला आहे, आणि फासळीची वक्ररेषा तर इतकी फुगली आहे की तिच्यावरून कापलेल्या दोन फासळ्या एकमेकींशी जुळत नाहीत. तुमच्या फ्रेंच कर्व्हच्या, म्हणजे वक्ररेषा काढायच्या साच्यांच्या पेटीला गंज चढला नसेल अशी आशा आहे. सोबत फासळीची प्रत आणि मोजून काढलेली मापे जोडली आहेत. ट्रेसिंग कागदावर शाईने एक स्वच्छ फासळी काढून पाठवावी, रेषा शक्य तितकी बारीक असावी. मापांत तिसऱ्या बिंदूपाशी मला संशय आहे, तिथे माझ्या आकड्यापेक्षा तुमच्या नजरेवर विश्वास ठेवावा.

आईस साष्टांग नमस्कार, छोट्यांस आशीर्वाद.

आपला,
सुहास