सिस्लीला 'वगैरे'त टाकू नका

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत इम्प्रेशनिस्ट लोकांवर, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या त्या चित्रकारांवर, पानभर लेख आला, बघून बरं वाटलं, पण मोने झाला, रन्वार झाला, देगा झाला आणि मग एकदम "सिस्ली वगैरे". अहो, असं नका करू. आल्फ्रेड सिस्ली इम्प्रेशनिस्टांच्या १८७४ च्या पहिल्या प्रदर्शनात होता, आणि रन्वार माणसांत रमला, देगा नाचणाऱ्या मुलींत, हा मात्र नदी, पूल, बर्फ पडलेला रस्ता आणि आकाश यातून फारसा बाहेरच पडला नाही.

जन्म पॅरिसचा, १८३९, आईवडील इंग्रज. वडिलांचा रेशमाचा धंदा, पोराला लंडनला धंदा शिकायला पाठवलं तर हा परत येऊन ग्लेयर नावाच्या चित्रकाराच्या स्टुडिओत शिकायला शिरला, तिथेच मोने आणि रन्वार भेटले. तोवर खिशाची काळजी नव्हती. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात वडिलांचा धंदा बुडाला आणि मग जन्मभर चित्र विकेल तेव्हा चूल पेटणार अशी गत.

मला खरं सांगायचंय ते पॅरिसजवळच्या पोर-मार्ली गावातल्या पुराबद्दल. १८७६ मध्ये सेन नदीचं पाणी गावात शिरलं आणि सिस्लीने त्याची एक नाही, अनेक चित्रं केली. त्यातलं वाइनच्या दुकानाचं सगळ्यात गाजलं, दुकान पाण्यात उभं, समोर होडी, पण आरडाओरडा नाही की पळापळ नाही, पाणी आपलं निवांत पसरलंय आणि वर हे एवढं मोठं ढगाळ आकाश. मी हौसेने वॉटरकलर करतो, आम्हाला शिकवलं होतं की आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एक हात, मारा आणि मोकळे व्हा, खरं काम खाली. सिस्लीचं नेमकं उलटं. तो चित्राची सुरुवातच आकाशापासून करायचा, आकाश म्हणजे नुसता मागचा पडदा नाही असं त्याने पत्रात लिहून ठेवलंय. हे वाचल्यापासून माझे जुने कागद काढून बघायची लाज वाटते!

तर हे चित्र तेव्हा १८० फ्रँकला गेलं होतं. १९०० साली लिलावात त्याचे आले ४३,००० फ्रँक, आता ते पॅरिसच्या ऑर्से म्युझियममध्ये आहे. सिस्ली गेला जानेवारी १८९९ मध्ये, घशाचा कॅन्सर, बायको त्याच्या आधी काही महिने गेलेली. म्हणजे भाव चढायला जेमतेम वर्ष लागलं, आणि तेवढंच वर्ष त्याला मिळालं नाही. शेवटी त्याने मोनेला बोलावून मुलांकडे बघ म्हणून सांगितलं, मोनेने पण शब्द पाळला, मुलांसाठी चित्रांचा लिलाव घडवून आणला. फ्रान्समध्ये एवढं आयुष्य काढून फ्रेंच नागरिकत्व मागितलं तेही मिळालं नाही, कागदावर इंग्रज तो इंग्रजच राहिला.

पुढच्या वेळी जागा कमी असेल तर मोनेची कमळं एकदा नाही छापली तरी चालेल, ती सगळ्यांनी कॅलेंडरवर बघितलीत. त्या जागी हे पुराचं चित्र टाका, रंगीत टाका, आणि प्लीज वरून कापू नका. मागच्या वेळी तुमच्या लेआउटवाल्यांनी एका लँडस्केपचं अर्धं आकाश कापून तिथे हेडिंग बसवलं होतं.

आपला,
एक जुना वाचक