‘उत्तेजक’ या शब्दाने घाबरण्यापूर्वी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वृत्तपत्राच्या क्रीडा पानावर ‘उत्तेजक’ हा शब्द येतो, तेव्हा त्याच्या शेजारी बहुतेक वेळा एखाद्या खेळाडूवर घातलेल्या बंदीची बातमी असते. हाच शब्द आरोग्याच्या पुरवणीत एडीएचडीच्या, म्हणजे अवधानाची उणीव आणि अतिचंचलता या अवस्थेच्या औषधांसाठी वापरला जातो, आणि क्रीडा पानावरची ती बंदी, ती फसवणूक, ती नशा वाचकाच्या मनात आपोआप इकडच्या पानावर चालत येते. गेली तीन वर्षे हे औषध घेणाऱ्या एका मुलाची मी आई आहे. ‘त्याला गप्प बसवायला गुंगीची गोळी देता का?’ आणि ‘अभ्यासात पुढे जावा म्हणून नशेची गोळी देता का?’ असे दोन्ही प्रश्न मला विचारले गेले आहेत. एक प्रश्न दुसऱ्याच्या अगदी उलट आहे, आणि तरीही दोन्ही विचारले जातात, कारण हे औषध शरीरात जाऊन नेमके काय करते हे विचारणाऱ्याला कोणी समजावून सांगितलेले नसते. मलाही ते सुरुवातीला कोणी सांगितले नव्हते.

कपाळाच्या मागे मेंदूचा जो भाग असतो, त्याच्याकडे आवर घालण्याचे काम असते: हाती घेतलेले काम मनात धरून ठेवणे, कानावर पडणाऱ्या दहा आवाजांतून एक निवडणे, जिभेवर आलेले उत्तर समोरच्याचा प्रश्न पुरा होईपर्यंत थोपवणे. इथल्या चेतापेशी एकमेकींना निरोप देतात तो डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या रसायनांच्या मार्फत, आणि निरोप पोचला की सोडलेले रसायन पेशी पुन्हा आत ओढून घेते. मिथाइलफेनिडेट हे औषध आत ओढून घेण्याचे हे दार काही तास अडवून धरते. अ‍ॅम्फेटामाइन गटातील औषधे दार अडवतातच, शिवाय पेशीतला साठाही थोडा बाहेर काढतात. परिणामी निरोप क्षीण होता तो स्पष्ट होतो. म्हणजे उत्तेजन मिळते ते आवरणाऱ्या भागाला. बाई वर्गात आल्या की गोंगाट थांबतो, पण तो मुलांना गुंगी आली म्हणून थांबत नाही. मला हे एवढ्या साध्या शब्दांत आधी कळले असते, तर औषधाची चिठ्ठी पर्समध्ये ठेवून मी जे पाच महिने घालवले ते गेले नसते.

औषध नवे आहे, मुलांवर प्रयोग चालला आहे, असेही अनेकांना वाटते. अमेरिकेतील चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी १९३७ मध्ये आपल्या संस्थेतील तीस मुलांना बेंझेड्रिन हे अ‍ॅम्फेटामाइन दिल्याची हकीकत प्रसिद्ध केली, आणि त्यांतील जवळपास निम्म्या मुलांच्या शाळेच्या कामात ठळक सुधारणा दिसल्याचे नोंदवले. मुले त्याला ‘गणिताच्या गोळ्या’ म्हणत. मिथाइलफेनिडेट स्वित्झर्लंडमध्ये १९४४ साली तयार झाले आणि १९५४ पासून ‘रिटालिन’ या नावाने विकले जाऊ लागले. मुलांना देण्याच्या फार थोड्या औषधांचा इतका दीर्घ अनुभव आणि इतका अभ्यास उपलब्ध आहे.

माझ्या घरात या औषधाचा परिणाम दिसला तो एका वहीत. औषधापूर्वीच्या वहीत फळ्यावरून उतरवून घेतलेली वाक्ये तिसऱ्या किंवा चौथ्या शब्दाशी तुटलेली आहेत, पुढे पेन्सिलीची एक रेघ आणि मग थेट दुसऱ्याच धड्याचा मथळा. त्या वहीवर शेरे आहेत: ‘आळशीपणा’, ‘लक्ष नाही’, ‘पालकांनी भेटावे’. योग्य मात्रा बसल्यानंतरच्या वहीत अक्षर तेवढेच वाकडे आहे, चुकाही आहेत, पण वाक्याच्या शेवटी पूर्णविराम आहे. ‘बाईंचं वाक्य आता शेवटपर्यंत ऐकू येतं,’ असे तो म्हणाला, आणि तोवर तो वाक्ये शेवटपर्यंत ऐकतच नव्हता ही गोष्ट मला आई असून तेव्हा पहिल्यांदा समजली.

इथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते, कारण अनेक पालकांची गल्लत होते. औषधाने फरक पडला म्हणजे एडीएचडी सिद्ध झाला, असे अजिबात नाही. ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये कोणताही त्रास नसलेल्या चौदा मुलग्यांना या गटातील औषधाची एकच मात्रा दिली, तेव्हा त्यांचीही चुळबुळ कमी झाली आणि अवधान वाढले. म्हणून ‘देऊन तर पाहू, गुण आला तर आजार आहे’ हा मार्ग चुकीचा आहे. निदान व्हायला हवे ते मुलाच्या घरच्या, शाळेच्या आणि लहानपणापासूनच्या हकीकतीवरून. लक्षणे बारा वर्षे वयाच्या आधीपासून आणि एकापेक्षा अधिक ठिकाणी दिसत असली पाहिजेत, आणि अपुरी झोप, कमी ऐकू येणे, भीती, घरातली कटकट यांतून ती आलेली नाहीत ना, हे तपासले पाहिजे. परीक्षेच्या रात्री मित्राची गोळी मागून घेणाऱ्या विद्यार्थ्यांनाही माझे हेच सांगणे आहे की, जागे राहता येणे म्हणजे अभ्यास समजणे नव्हे, आणि दुसऱ्याच्या नावावरचे औषध घेणे धोक्याचे आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः हे पत्र लिहीत आहे, ती मात्रेची. औषध द्यावे की देऊ नये यावर घराघरांत वाद होतात. ते कसे द्यावे यावर कोणी बोलत नाही. या औषधाची मात्रा मुलाच्या वजनावरून किंवा वयावरून गणित करून काढता येत नाही. एकाच वजनाच्या दोन मुलांना वेगवेगळी मात्रा लागू शकते, त्यामुळे अगदी कमी मात्रेपासून सुरुवात करून, दर काही दिवसांनी ती थोडी वाढवत, घरच्यांकडून आणि शिक्षकांकडून नोंदी घेत, पुरेसा फायदा आणि सोसवेल इतकाच त्रास जिथे भेटतात तिथे थांबावे लागते. आम्ही प्रथम ज्या डॉक्टरांकडे गेलो होतो, त्यांनी चिठ्ठी लिहून सहा महिन्यांनी या असे सांगितले. वाढीव मात्रेच्या तिसऱ्या आठवड्यात माझा मुलगा फार शहाण्यासारखा वागू लागला. शाळेतून कौतुकाचा निरोप आला, नातेवाईक खूश झाले. मला मात्र दिसत होते की तो नखाच्या कडेची कातडी सोलत तासन्‌तास एका जागी बसतो, आणि दिवसाला शंभर प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने तीन दिवसांत मला एकही प्रश्न विचारलेला नाही. दुसऱ्या बालमानसोपचारतज्ज्ञ बाईंनी त्याच्याशी वीस मिनिटे गप्पा मारल्या आणि मात्रा कमी केली. ‘तो गप्प झाला तर मात्रा जास्त झाली असं समजा; तो स्वतः राहिला पाहिजे आणि वाक्य पुरं झालं पाहिजे,’ हे त्यांचे शब्द मी त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की, अशा मुलाबद्दल अभिप्राय देताना ‘आता शांत असतो’ एवढेच लिहू नये. तो काम पुरे करतो का, मित्रांत हसतो का, जेवतो का, हे लिहावे.

यात माझा एकटीचा अनुभव बोलतो असे कोणी समजू नये. अमेरिकेत १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, जो ‘एमटीए’ या नावाने ओळखला जातो, सात ते साडेनऊ-दहा वर्षांची ५७९ मुले चार गटांत विभागून चौदा महिने पाहिली गेली. काटेकोरपणे औषध दिलेला गट, वर्तनोपचारांचा गट, दोन्ही मिळालेला गट, आणि ज्यांना आपापल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवले तो गट. या शेवटच्या गटातील सुमारे दोन तृतीयांश मुलांनाही औषध मिळतच होते. तरीही पहिल्या गटातील मुलांची लक्षणे त्यांच्यापेक्षा अधिक कमी झाली, आणि दोन्ही गटांतला मोठा फरक औषध देण्याच्या पद्धतीत होता: पहिल्या गटात मात्रा काळजीपूर्वक शोधलेली होती, दर महिन्याला भेट होत होती आणि शिक्षकांचे म्हणणे विचारले जात होते, शेवटच्या गटात मात्रा कमी आणि भेटी क्वचित होत्या. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की, चौदा महिन्यांनंतर ही देखरेख थांबली, कुटुंबे आपापल्या निर्णयाने चालू लागली, आणि तीन वर्षांनी गटागटांतला हा फरक उरला नाही. ज्यांना औषध निरुपयोगी ठरवायचे असते ते एवढा शेवटचा भाग सांगतात. मला त्यातून दिसते ते असे की, लक्ष ठेवणे थांबले की फायदाही टिकत नाही.

दुष्परिणाम आहेत, आणि ते लपवल्याने पालकांचा विश्वास उडतो. भूक मंदावणे हा सर्वांत नेहमीचा. दुपारचे जेवण जवळपास तसेच परत येते. म्हणून औषधापूर्वी पोटभर न्याहारी आणि परिणाम उतरल्यावर संध्याकाळी पुन्हा जेवण, अशी आमची घडी बसली. झोप उशिरा लागते, डोके किंवा पोट दुखते, नाडी आणि रक्तदाब किंचित वाढतो. औषध उतरताना तास-दीड तास चिडचिड होते. साध्या गोळीचा परिणाम तीन-चार तासांत ओसरतो, हळूहळू सुटणाऱ्या गोळीचा आठ ते बारा तास टिकतो, त्यामुळे हा चिडचिडीचा तास कधी येणार हे घरच्यांना ठाऊक असावे आणि त्या वेळी गृहपाठ काढू नये. उंचीच्या वाढीचा वेग काही प्रमाणात मंदावतो. वर्षानुवर्षे सतत औषध घेणाऱ्यांच्या अंतिम उंचीत सरासरी काही सेंटिमीटरचा फरक आढळला आहे. उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे वजन दर तीन महिन्यांनी, तर उंची, नाडी आणि रक्तदाब दर सहा महिन्यांनी पाहावेत आणि औषधाची गरज वर्षातून एकदा तरी पुन्हा तपासावी. पाच वर्षांखालील मुलांसाठी आधी पालकांचे प्रशिक्षण सुचवले आहे. मुलाला हृदयाचा विकार असेल, व्यायामात चक्कर येत असेल, किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगायचे असते. क्वचित एखाद्याला भास होतात किंवा संशय येऊ लागतो. तेव्हा लगेच डॉक्टरांना कळवावे.

व्यसनाचा प्रश्न सर्वांच्या मनात असतो, आणि तो खोटा नाही. १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारात ही औषधे नियंत्रित पदार्थांच्या यादीत आहेत, कारण मोठ्या प्रमाणात, चुरा करून ओढल्यास किंवा टोचून घेतल्यास त्यांनी नशा येते. तोंडाने, ठरलेल्या मात्रेत घेतल्यावर मेंदूतील डोपामिन सावकाश चढते आणि सावकाश उतरते, आणि नशा येते ती वेगाने चढण्यातून. लहानपणी औषध घेतलेली मुले पुढे अधिक व्यसनी होतात असे पाहणीतून आढळलेले नाही. उलट उपचार न झालेल्या एडीएचडीचे स्वतःचे धोके आहेत. अमेरिकेतील तेवीस लाखांहून अधिक एडीएचडी असलेल्या व्यक्तींच्या नोंदींवरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, औषध घेतलेल्या महिन्यांत वाहन अपघातामुळे तातडीच्या उपचारांची वेळ येण्याचा धोका पुरुषांत ३८ टक्क्यांनी आणि स्त्रियांत ४२ टक्क्यांनी कमी दिसला. तरीही गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि मोजून द्याव्यात, हे मी आग्रहाने सांगेन. क्रीडा पानावरच्या त्या बंदीतही, निदान झालेल्या खेळाडूला रीतसर परवानगी घेऊन हेच औषध घेण्याची सोय आहे, हे फारसे छापून येत नाही.

औषध मुलाला दप्तर भरायला शिकवत नाही, रागावल्यावर काय करायचे ते शिकवत नाही, बुडालेला दोन वर्षांचा अभ्यास भरून काढत नाही. ते शिकता येईल इतकी उसंत मिळते, शिकवायचे आपल्यालाच असते. ज्यांना ही औषधे चालत नाहीत त्यांच्यासाठी अ‍ॅटोमॉक्सेटिन, ग्वान्फासिन यांसारखी उत्तेजक नसलेली औषधे आहेत. ती सावकाश लागू पडतात. आणि ज्या कुटुंबाने सर्व समजून घेऊन औषध नको असे ठरवले, त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही.

संपादक महोदय, ‘उत्तेजक’ हा शब्द औषधशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे, तो बदलावा असे मी म्हणत नाही. एवढेच मागते की, या औषधांविषयीच्या मथळ्यात ‘नशा’ हा शब्द घालण्याआधी बातमीदाराने चार गोष्टी विचारून त्या बातमीत द्याव्यात: मुलाचे वय काय, निदान कोणी आणि कशावरून केले, मात्रा कशी ठरली, आणि त्यानंतर त्याला किती वेळा तपासले गेले.

आपली नम्र,
एक पालक
(नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)