सुट्टी रद्द करू नका, किलोमीटर कमी करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की तुमच्या पुरवणीत फिरायच्या ठिकाणांची पानं येतात आणि मी ती कापून जपून ठेवते. यंदा ती सगळी कात्रणं समोर पसरून बसलो तेव्हा लक्षात आलं की त्यात फोटो आहेत, कधी जावं ते आहे, काय बघावं ते आहे, पण तिथे जाऊन यायला तेल किती जळेल हे कुठेच नाही. पेट्रोल एवढं वर गेलंय की आमच्यासारख्या घरात आता पहिला प्रश्न तोच असतो, म्हणून हे पत्र लिहितेय, थोडं मोठं झालंय, सांभाळून घ्या.

आमचा प्लॅन असा होता की आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई असे पाच जण, आठ दिवस, चार ठिकाणं, जायला साधारण 750 किलोमीटर, यायला तेवढेच आणि तिथलं फिरणं धरून सगळे मिळून 1800. आमची गाडी हायवेला लिटरमागे 15चं ॲव्हरेज देते म्हणजे झाले 120 लिटर. मी मुद्दाम लिटरमध्ये सांगतेय, कारण पैशातला हिशोब दर बदलला की शिळा होतो, लिटरचा होत नाही. खरं म्हणजे हा आकडा प्लॅन ठरवताना आम्ही काढलाच नव्हता. रूमचं भाडं चार ठिकाणी विचारलं, दोन-दोन तास घासाघीस केली, आणि पेट्रोलचं काय, टाकी तर आपण भरतोच, असं धरून चाललो होतो. दर वाढल्यावर मिस्टरांनी कागदावर मांडलं तर तेलाचा खर्च राहण्याच्या खर्चाजवळ जाऊन बसला, म्हणाले यंदा नकोच.

दोन दिवस घरात कोणी नीट बोलत नव्हतं. मोठीने मैत्रिणींना सांगून टाकलेलं, धाकट्याने बॅग भरून ठेवलेली. मला वाटतं या वर्षी कितीतरी घरांत असंच "यंदा नकोच" झालं असणार आणि मला तेच पटत नाही. पाचही जण एका वेळी, घड्याळ न बघता एकत्र असतो ते वर्षातले हेच आठ दिवस, ते कसे सोडायचे?

कोणी म्हणतं थोडं थांबा, दर उतरतील. पण पेट्रोलचे दर चढताना रॉकेटसारखे चढतात आणि उतरताना पिसासारखे उतरतात. ही नुसती आपली तक्रार नाही, 1991 साली ब्रिटनमधल्या पेट्रोलच्या दरांचा अभ्यास झाला त्यातही हेच दिसलं होतं. कच्चं तेल बॅरलवर विकलं जातं, एका बॅरलमध्ये 159 लिटर, आणि तिथला भाव पडला म्हणून पंपावर तेवढाच पडतो असं नाही, कारण मधे रिफायनरी, वाहतूक, पंपाचं कमिशन आणि टॅक्स असतो. 20 एप्रिल 2020 ला तर अमेरिकेतल्या कच्च्या तेलाच्या वायद्याचा भाव शून्याच्याही खाली गेला होता, उणे 37 डॉलरपर्यंत, तरी पंपावर पेट्रोल काही फुकट मिळालं नाही. आणि शाळेची सुट्टी थोडीच थांबणारे दर उतरायची वाट बघत.

मग मार्ग सासूबाईंनी काढला. त्या म्हणाल्या, "मला गाडीत बसून काय बघायचंय, मला पाय मोकळे करायला जागा पाहिजे, ती जवळ असली तरी चालेल." एवढं ऐकलं आणि आमचं सगळं गणितच फिरलं. मोठीच्या कंपासपेटीतला कंपास घेतला, नकाशावर घराभोवती 100 किलोमीटरचं वर्तुळ काढलं आणि दोन्ही मुलांना सांगितलं की याच्या आत तुम्ही शोधा, तुम्ही म्हणाल तिथे जायचं. जी मुलगी दोन दिवस रुसून बसली होती ती रात्री अकरापर्यंत नकाशावर ओणवी! वर्तुळाच्या आत आम्ही कधीच न पाहिलेल्या सात जागा निघाल्या. रस्ता काही सरळ रेषेत जात नाही म्हणून ठरलेली जागा 140 किलोमीटरवर पडली, पण चार ठिकाणांऐवजी एकच जागा, सहा रात्री, गाडी एकदा लावली की लावली. चार ठिकाणं करण्यात आपला अर्धा वेळ सामान चढवण्या-उतरवण्यात जातो हे मला इतक्या वर्षांत कसं कळलं नाही कोण जाणे.

यात एक नुकसान झालं तेही सांगते. आधीच्या एका ठिकाणी ॲडव्हान्स भरला होता तो परत मिळाला नाही, नियम बुकिंगच्या पानावर अगदी तळाला होता, आम्ही वाचला नाही आणि मालक ऐकेना. मिस्टर म्हणाले पैसे गेलेच आहेत तर जाऊया तिकडेच. हीच चूक लोक करतात असं मला वाटतं, गेलेला ॲडव्हान्स गेला, तो वसूल करायला वर अजून 100 लिटर पेट्रोल जाळण्यात काय अर्थ आहे. तेव्हा तेलाचे दर असे वरखाली होत असताना बुकिंग करताना कॅन्सल केलं तर किती परत मिळणार हे आधी वाचा, भाडं नंतर बघा.

आता गाडीबद्दल, कारण अंतर कमी केल्यावरही लिटर वाचवता येतात आणि हे मला प्रत्यक्ष करून बघितल्यावरच पटलं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्पीड. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 90 ऐवजी 110 ने गेलात तर वेग जेमतेम सव्वापट पण हवेचा अडथळा जवळजवळ दीडपट, आणि तो इंजिनाला तेल जाळूनच कापावा लागतो. 1973 च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल अडवलं, तेव्हा काही महिन्यांत कच्चं तेल चौपट महाग झालं आणि अमेरिकेने 1974 मध्ये देशभर ताशी 55 मैल म्हणजे सुमारे 88 किलोमीटरची मर्यादा घातली, ती तेल वाचवायलाच. त्याच वेळी नेदरलँड्समध्ये रविवारी गाड्या बंद ठेवल्या आणि लोक रिकाम्या हायवेवर सायकली घेऊन फिरायला निघाले. मुलांना हे सांगितलं तर धाकट्याला ते इतकं आवडलं की आपल्याकडे असा रविवार कधी येणार हे तो अजून विचारतोय.

दुसरं म्हणजे टपावरचं कॅरियर. आम्ही दरवेळी टपावर बॅगा बांधून ताडपत्री टाकायचो. मोठी बंद पेटी टपावर असली तर हायवेला ॲव्हरेज 6 ते 17 टक्के पडतं असं अमेरिकी सरकारची आकडेवारी सांगते, आणि बॅगा नसताना नुसतं कॅरियर ठेवलं तरी वारा अडतोच. एकाच जागी राहायचं म्हणून सामान कमी लागलं, सगळं डिकीत बसलं, कॅरियर काढून घरी ठेवलं. टायरची हवा निघायच्या दिवशी सकाळी टायर थंड असताना चेक केली, दोन टायरमध्ये बरीच कमी होती. एसीबद्दल घरात वाद असतो पण हायवेला काचा उघड्या टाकल्या तर तिथेही वारा अडतो, त्यामुळे आम्ही गावातून जाताना काचा उघड्या आणि हायवेला एसी असं केलं.

गेल्या आठवड्यात परत आलो. सगळे मिळून 360 किलोमीटर झाले, निघताना टाकी फुल केली होती, आल्यावर परत फुल केली तर 21 लिटर बसलं, म्हणजे 15 देणाऱ्या गाडीने 17 दिलं. कुठे 120 आणि कुठे 21. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे तोही सव्वादोनशे किलोच्या आसपास वाचला, हे मोठीने स्वतः गणित करून दाखवलं.

सगळ्यांना हे असंच जमेल असं मी म्हणत नाही. ज्यांचे आईवडील हजार किलोमीटरवर आहेत त्यांना वर्तुळ काढून काय सांगणार, त्यांना जावंच लागतं, आणि त्यांनी जावंच. पाच जण असले की गाडी माणशी तशी वाईट पडत नाही, पण दोघंच लांब जाणार असतील तर ट्रेन किंवा बस खरंच बघावी. जर्मनीत 2022 च्या जून ते ऑगस्टमध्ये 9 युरोचा महिन्याचा पास काढला होता, लोकल ट्रेन, बस सगळ्याला चालणारा, आणि असे पाच कोटींहून जास्त पास खपले. सोय दिली तर लोक घरातली गाडी घरात ठेवतात.

म्हणून तुमच्याकडे एक मागणी आहे. पुरवणीत प्रत्येक ठिकाणाखाली तीन ओळी वाढवा, येऊन-जाऊन किलोमीटर किती, लिटरमागे 15 धरलं तर लिटर किती, आणि स्वतःची गाडी नसेल तर शेवटचा टप्पा कशाने गाठायचा. ही तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण स्टेशनपर्यंत सगळेच पोचतात आणि पुढच्या 20 किलोमीटरसाठी नाइलाजाने घरून गाडी काढतात. आणि एक पान फक्त जवळच्या जागांना द्या, वाचकांकडूनच मागवा. आमच्या सातपैकी सहा जागा अजून बघायच्या राहिल्यात, त्यांची यादी मुलीने नीट लिहून काढलीये, तुम्ही म्हणाल तेव्हा पाठवते.

आपली,
एक नियमित वाचक