देणगीची खेळणी कपाटात का राहतात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आर्थिक वर्ष संपत आले की जिल्हा परिषदेच्या शाळांकडे देणगीदारांची पावले वळतात. स्मार्ट टीव्ही येतो, भिंती बोलक्या होतात, दप्तरे वाटली जातात, दर्शनी भागात कंपनीच्या नावाचा फलक लागतो. देणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. आमच्या शाळेची कुणाला आठवण झाली, याचा शिक्षिका म्हणून मला नेहमी आनंदच झाला. पण ज्या वयाच्या मुलांना या पैशाची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्या वाट्याला तो फार कमी येतो आणि आला तरी वस्तूंच्या रूपात येऊन थांबतो.

ते वय तीन ते सहा वर्षांचे. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयोगटाला हक्क देतो. त्याआधीच्या वर्षांसाठी राज्याने प्रयत्न करावा, एवढेच संविधानाचे कलम ४५ सांगते. पालकाला न्यायालयात जाऊन मागता येईल असा तो हक्क नाही. ऐपत असलेल्या घरातले मूल नर्सरी, केजी करून पहिलीत येते. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांचे मूल गावात असेल तेवढे दिवस अंगणवाडीत बसते. घरी वारली, पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलासाठी तर पहिलीतल्या बाईंची मराठीसुद्धा नवी असते. पहिलीचे पुस्तक मात्र सगळ्यांपुढे सारखेच येते.

अंगणवाडी सेविकेचा दिवस जवळून पाहावा. आहाराची व्यवस्था, वजन-उंचीच्या नोंदी, गृहभेटी, लसीकरणाच्या दिवशी मदत आणि मोबाइलवर पोषण ट्रॅकर या सरकारी अॅपमध्ये माहिती भरणे. मदतनीस स्वयंपाकात गुंतलेली. यातून उरेल तो वेळ गाण्यागोष्टींचा.

अशा एका अंगणवाडीला मिळालेले लाकडी ठोकळे, मणी आणि चित्रकोडी मी कुलूपबंद कपाटात पाहिली, अगदी खोक्याच्या प्लास्टिकसकट. सेविकेला विचारले तर तिने जडवस्तू नोंदवही, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदीची वही, पुढे केली. वस्तू तिच्या नावावर चढलेल्या. मोडली, हरवली तर तपासणीत उत्तर तिनेच द्यायचे. तिची भीती खोटी नव्हती. देणगीदाराने सोबत एक पत्र दिले असते की ही खेळणी वापरण्यासाठी आहेत, मोडणारच, दरवर्षी नवी देऊ, आणि कार्यालयाने ते मान्य केले असते, तर ते कपाट उघडे राहिले असते. टीव्हीचेही तेच. किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या तुटपुंज्या सादिल अनुदानातून वीजबिल भागत नाही, जोडणी तुटते आणि टीव्हीवर कापड पडते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की देणगीदारांनी वस्तूंपेक्षा माणसांवर आणि चालू खर्चावर पैसे द्यावेत. गावातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीला दिवसाचे तीन तास मुलांसोबत बसण्यासाठी मानधन, सेविकांना वर्षभर टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण, मुलांच्या बोलीतली चित्रांची पुस्तके, वीजबिल. यात फोटो काढण्याजोगे फारसे काही नाही, हे मला कळते. सेविकांचे मानधन आणि रिक्त पदे ही सरकारची जबाबदारी आहे आणि ती सरकारचीच राहिली पाहिजे. दात्याच्या पैशाकडे बोट दाखवून कुणी त्यातून अंग काढून घेता कामा नये.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. नियमांनुसार चालू प्रकल्प सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षे चालवता येतो. म्हणजे अंगणवाडीत आलेल्या तीन वर्षांच्या मुलाला पहिली पूर्ण होईपर्यंत साथ देता येईल, एवढी मुभा आहे. तरीही मार्चअखेर टीव्ही विकत घेण्याची घाई का? शिवाय कंपनीच्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्या, असे कायदा म्हणतो. जिथे कारखानेच नाहीत, त्या नंदुरबारमधल्या अक्कलकुवा-धडगावच्या किंवा गडचिरोलीतल्या भामरागडच्या पाड्यांकडे कंपन्यांनी मुद्दाम वळायला हवे.

बालशिक्षणासाठी आयुष्य दिलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला नेले. मुले येत नाहीत म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. पाने, बिया, खडे, शिंपले हे तिथले साहित्य. तिथे वर्षानुवर्षे खर्ची पडली ती माणसे, आणि मुलांना गोडी लागली ती त्यांच्यामुळे.

काय द्यायचे हे ठरवण्यासाठी सल्लागार नेमण्याची गरज नाही. शिक्षणहक्क कायद्यानेच शाळा व्यवस्थापन समिती आणि शाळा विकास आराखडा दिला आहे. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. त्या आयांना बोलावून विचारा. अंगणवाडी वेगळ्या खात्याची असली तरी मुले त्याच आयांची असतात.

आपल्यालाही एक विनंती. शाळेला साहित्य सुपूर्द केल्याच्या बातम्या आपण आवर्जून छापता. त्याच शाळेत, त्याच अंगणवाडीत वर्षभराने आपला वार्ताहर पाठवावा आणि ते साहित्य कुणाच्या हातात आहे, याचीही बातमी तेवढ्याच जागेत छापावी.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका