किल्ल्यासाठी मुलांना माती आणि जागा द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की दप्तर कोपऱ्यात टाकून मुलांनी मातीकडे धाव घ्यावी, हा आपल्याकडचा कित्येक पिढ्यांचा शिरस्ता आहे. दिवाळीतला किल्ला हा मुलांचा स्वतःचा सण. त्याला पूजा नाही, मुहूर्त नाही, आणि मोठ्यांचे काम एवढेच, की मागतील त्या वस्तू काढून द्यायच्या आणि चिखलाचे पाय घरात उमटले तर फार रागवायचे नाही. गेली दोन-तीन वर्षे मात्र आमच्या भागात हा किल्ला दोन बाजूंनी कोंडीत सापडलेला मी पाहत आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पहिली अडचण जागेची. आम्ही राहतो त्या सोसायटीच्या आवारात इमारतीभोवती सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवलेले आहेत. गेल्या वर्षी दिवाळीच्या आठ दिवस आधी सूचनाफलकावर कागद लागला, की आवारात व पार्किंगमध्ये माती, विटा अथवा दगड आणून टाकू नयेत, कारण फरशीवर डाग पडतात आणि गटारे तुंबतात. तक्रार खोटी नव्हती. त्याच्या आदल्या वर्षीचा किल्ला तुळशीचे लग्न उलटून गेले तरी कोणी उचलला नव्हता, आणि गाड्या धुण्याच्या पाण्याबरोबर त्याची माती जाळीत जाऊन बसली होती. परंतु त्यावरचा उपाय मुलांच्या हाती खराटा आणि घमेले देणे हा होता. किल्लाच बंद करणे हा नव्हता.

दुसरी अडचण बाजाराने उभी केली आहे. दिवाळीच्या तोंडावर रस्त्याच्या कडेला प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे रंगवलेले तयार किल्ले मांडलेले असतात. ते करणाऱ्यांचे पोट त्यावर आहे आणि रात्री आठ वाजता दमून घरी येणाऱ्या आईवडिलांचीही ओढाताण मी रोज घरात पाहते, त्यामुळे दोघांनाही बोल लावण्याची माझी इच्छा नाही. माझा आक्षेप निराळ्या जागी आहे. आमच्या भागातील एका किल्ले स्पर्धेत गेल्या वर्षी पहिले बक्षीस अशाच विकत आणलेल्या, दिव्यांची माळ सोडलेल्या किल्ल्याला मिळाले. शेजारच्या चाळीतील चार मुलांनी तीन दिवस खपून केलेल्या, एक बुरूज खचलेल्या मातीच्या किल्ल्यापाशी परीक्षक मिनिटभरही थांबले नाहीत. ते पाहून दुसरीतील माझ्या नातीने विचारले, "आज्जी, पुढच्या वर्षी आपणही विकतचाच आणायचा का?" तिच्या त्या प्रश्नाने मला रात्री झोप लागली नाही.

त्या वर्षी खाली जागा नसल्याने आम्ही गॅलरीत किल्ला केला होता. जुन्या टेबलाची तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद फळी, तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर विटांचे तुकडे आणि उलटी ठेवलेली फुटकी कुंडी, एवढ्यावर डोंगर उभा राहिला. नर्सरीतून लाल मातीची दोन पोती आणली होती. मुलांनी ती चाळून घेतली, खड्यांचा ढीग वेगळा केला, आणि गोणपाटाचे तुकडे मातीच्या राड्यात बुडवून विटांवर पांघरले. पहिल्या दिवशी पाणी जास्त झाले आणि उतारावरचा सगळा चिखल घसरून पायथ्याशी आला. चार वर्षांचा नातू रडकुंडीला आला. नातीने मात्र गोणपाट पिळून पुन्हा बसवले आणि वरून घट्टसर मातीचा हात फिरवला. किती पाणी घातले म्हणजे माती धरते आणि किती घातले म्हणजे सुटते, हे मी तिला सांगितले असते तर तिला ते कळले नसते, बोटांना कळले.

हिरवळीचीही अशीच गोष्ट. आम्ही एका बाजूला मोहरी टाकली आणि दुसऱ्या बाजूला अळीव. कोरडी मोहरी उतारावरून घरंगळून खाली गेली आणि पायथ्यालाच उगवली. अळिवाचे दाणे भिजले की त्यांच्याभोवती बुळबुळीत आवरण धरते, त्यामुळे ते उभ्या कड्यालाही चिकटून बसतात, हे मुलांनी चिमटीत दाणे धरून स्वतः पाहिले. वसुबारसेला लावलेले अळीव तिसऱ्या दिवशी कोंब दाखवू लागले आणि पाडव्यापर्यंत बोटाच्या पेराएवढे झाले. नातू रोज सकाळी दात घासण्याआधी ते बघायला जाई. त्याला मावळ्यांपेक्षा अळिवाचेच अधिक कौतुक होते, आणि त्यात काही वावगे आहे असे मला वाटत नाही.

किल्ला राजगडाचा करायचा हे नातीने ठरवले, कारण दोन वर्षांपूर्वी ती वडिलांबरोबर तेथे जाऊन आली होती. मधोमध बालेकिल्ला आणि त्याच्या तिन्ही अंगांना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्या, एवढे तिला आठवत होते. संजीवनी माचीला दुहेरी तटबंदी आहे, हे मी सांगितल्यावर तिने मातीच्या दोन वळ्या समांतर लावल्या आणि मधल्या जागेत दोन मावळे उभे करून म्हणाली, "बाहेरची भिंत पडली तरी हे आत लढतील." पद्मावती माचीवर तिने तळे खणले, त्यातले पाणी झिरपून पाच मिनिटांत नाहीसे झाले. मग गडांवरची टाकी मातीत नव्हे, खडकात खोदलेली असतात, आणि अनेक ठिकाणी त्या खोदकामातून निघालेला दगडच तटबुरुजांना वापरला गेला, हे तिला सांगता आले. शेवटी तळ्याच्या जागी स्टीलची वाटी बसली.

सर्वांत मोठा वाद दरवाजावरून झाला. नातवाला दरवाजा समोरच, सगळ्यांना दिसेल असा हवा होता. मी त्याला रायगडाच्या महादरवाजाविषयी सांगितले, की तो दोन बुरुजांच्या आड दडवलेला आहे आणि वळण घेतल्याशिवाय दिसत नाही. त्याला ते पटेना. तेव्हा त्याच्या ताईने दोन बुरूज पुढे ओढले, मधून वाकडी वाट काढली आणि त्याला जमिनीवर पालथे झोपवून, फळीच्या पातळीवर डोळे आणून पाहायला लावले. दरवाजा दिसत नव्हता. तो उठला आणि त्याने घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा, तसेच झोपून पाहायला लावले. तयार किल्ल्याला दरवाजा असतो, पण तो तेथेच का आहे हा प्रश्न विचारण्याची वेळ मुलांवर येत नाही.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांपैकी साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे ११ आपल्या राज्यात आहेत, तर जिंजी तमिळनाडूत आहे. आपल्या सर्वांना त्याचा अभिमान वाटला आणि तो वाटलाच पाहिजे. मात्र युनेस्कोने या किल्ल्यांची दखल घेण्याच्या कितीतरी आधीपासून महाराष्ट्रातील लहान मुले दर दिवाळीला त्यांची आठवण हातांनी घडवत आली आहेत, आणि त्या मुलांना आज आपल्याच दारात हातभर जागा मिळू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत काही विनंत्या कराव्याशा वाटतात. सोसायट्यांच्या व्यवस्थापन समित्यांनी आवारातील एक कोपरा, कुंपणाच्या भिंतीलगतचा का होईना, वसुबारसेच्या आधीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुलांसाठी राखून ठेवावा. खाली जाड प्लॅस्टिक अंथरले तर फरशीला डाग पडत नाहीत. किल्ला मोडून माती उचलण्याचा दिवस आधीच ठरवावा आणि ते कामही मुलांकडूनच करून घ्यावे. ही माती कुंड्यांत सहज जिरते, प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे तुकडे मात्र वर्षानुवर्षे कचऱ्यात पडून राहतात. आमच्या गॅलरीतील किल्ल्याच्या मातीत पुढे मेथी झाली आणि ती मुलांनी आवडीने खाल्ली.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आणि शाळांना विनंती अशी, की तयार किल्ल्यांचा गट करायचाच असेल तर तो वेगळा करावा, आणि मुलांनी केलेल्या किल्ल्यांना गुण देताना सफाईपेक्षा मुलांशी बोलण्याला महत्त्व द्यावे. हा बुरूज येथे का, पाणी कोठे साठवले, वाट कोणत्या बाजूने आहे, असे तीन-चार प्रश्न विचारले तरी काम कोणाच्या हातचे आहे ते परीक्षकांना लगेच समजेल. आईवडिलांनी हात लावूच नये असे मी म्हणत नाही. वीट उचलायला आणि विळीने गोणपाट कापायला मोठे माणूस लागतेच. निर्णय मात्र मुलांचा असावा आणि चुकलेला बुरूज त्यांनीच पुन्हा बांधावा.

आमच्या सोसायटीच्या समितीला मी याच आशयाचा अर्ज दिला आहे. तो मान्य झाल्यास मातीची पाच पोती माझ्याकडून देईन आणि पाडवा झाल्यावर ती माती कुंड्यांत भरून घेण्याची जबाबदारीही माझी राहील. गोणपाटाचे तुकडे गेल्या वर्षीचेच धुऊन वाळवून ठेवले आहेत. नातीने यंदा सिंधुदुर्ग करायचे ठरवले आहे, आणि समुद्रासाठी जागा जास्त लागेल असे तिने मला आधीच बजावले आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे