शनिवारच्या हसवाहसवीची आठवण

मंडळी, परत एकदा सांगतो, शनिवारी रात्री ८ ला मळ्यावर जमायचंय, आधी भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या मग माइक, प्रत्येकाला ५ मिनिटं, अहिराणीत केलं तर ७ (हो, पार्शालिटी आहे). केळीचे भाव, कर्जाचा हप्ता, बॉसचा रात्री अकराचा मेसेज, जे डोक्यात बसलंय त्याच्यावरच जोक करा, चारचौघात त्याची टर उडवली की टेन्शन जरा हलकं होतं, स्वतःचा अनुभव आहे. मुंबईत १९९५ ला डॉ. मदन कटारियांनी हास्य क्लब काढला तेव्हा बागेत फक्त ५ जण होते, आपण तर वीस आहोत! बायकोवरचे फॉरवर्ड जोक नकोत, जाम पकलोय. वांगी कोण आणतंय ते आजच सांगा, मागच्या वेळी सगळ्यांनी मिरच्याच आणल्या होत्या.