क्रीडापान हाती घेतलेल्या मित्रास

प्रिय मित्रा,

क्रीडापान आता तुझ्याकडे आलं, याचा फार आनंद झाला. अभिनंदन फोनवर केलंच आहे, पण मनात बरेच दिवस साचलेलं फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

बाईच्या खेळाची बातमी देताना आधी खेळ दे रे. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या कोरी कॉगडेलने ट्रॅप नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. ‘शिकागो ट्रिब्यून’च्या ट्विटमध्ये तिचं नावच नव्हतं. ‘बेअर्स’ या अमेरिकन फुटबॉल संघातल्या खेळाडूच्या बायकोला पदक, एवढंच! अरे, बंदूक खांद्याला लावून उभं राहायचं, तबकडी डावीकडे सुटेल की उजवीकडे याचा पत्ता नाही, आणि ती लांब जायच्या आत अचूक फोडायची. बरोबरी झाल्यावर शूट-ऑफमध्ये तिने ते पदक खेचून आणलं. २००८ला बीजिंगमध्येही तिला कांस्य मिळालं होतं. इतकं सगळं हाताशी असताना बातमीदाराला तिचा नवरा आठवावा, याचा मला आजही संताप येतो.

प्रश्नांचंही तेच. २०१७च्या विश्वचषकाच्या तोंडावर मिताली राजला कुणीतरी विचारलं, तुमचा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण? हाच प्रश्न तुम्ही पुरुष खेळाडूंना विचारता का, असं तिने तिथल्या तिथे सुनावलं. भारताची कर्णधार समोर बसली होती! फलंदाजीचा क्रम, फिरकीवरची भिस्त, इंग्लंडमधल्या खेळपट्ट्या, विचारायला काय कमी होतं? तोच संघ पुढे लॉर्ड्सवर अंतिम सामना खेळला आणि अवघ्या ९ धावांनी हरला.

फोटोंकडेही लक्ष ठेव. पुरुषाचा फोटो फटका मारतानाचा आणि बाईचा रडतानाचा किंवा केस सावरतानाचा, ही निवड कुणीतरी टेबलावर बसून करतं. आता ते टेबल तुझं आहे. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि महिला खेळाडूंना प्रथमच समान जागा होत्या, तरीही बायकांचं चित्रण पुरुषांसारखंच करा, असं कॅमेरामनना बजावावं लागलं.

वाचकांना हेच लागतं, असं तुला वरून सांगतील. पण पानाच्या तळाशी दोन ओळी टाकून वाचक कसा तयार होणार? डाव कुठे फिरला, कुणी फिरवला, हे दे. लोक वाचतील, माझी खात्री आहे.

आणि जागा कमी पडली तर महिलांच्या सामन्याचा धावफलक कापू नकोस. पहिला वृत्तांत छापून आला की कात्रण पाठव.

तुझी,
जुनी मैत्रीण